ओयामोच्या बुडालेल्या खाणीत डायव्हिंग: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या पश्चिमेला, लोह्या शहराजवळ, ओयामो ही जुनी चुनखडीची खाण आहे. १९६५ साली ती बंद झाली आणि पुढे पाण्याने भरली. तिथे जायचं ठरवलेले बरेचजण आधी व्हिसाच्या मागे लागतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी डायव्हिंगच्या प्रशिक्षणाची कार्डं मिळवा, व्हिसा शेवटी.

पात्रता

तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात किंवा इतरत्र काढलेलं ओपन वॉटर कार्ड, म्हणजे डायव्हिंगचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र, १८ मीटर खोलीपर्यंत चालतं. ओयामोत बोगद्यांची सुरुवातच सुमारे २८ मीटरवर होते. आत शिरल्यावर डोक्यावर खडक असतो, त्यामुळे काही बिघडलं तरी सरळ वर येता येत नाही. म्हणून ॲडव्हान्स्ड, नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) आणि ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख; खाली पाणी जेमतेम चार अंशांचं असतं), मग डीकम्प्रेशनचं, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्याने थांबण्याचं प्रशिक्षण आणि त्यासोबत कॅव्हर्न, इंट्रो टू केव्ह, फुल केव्ह या गुहेतल्या डायव्हिंगच्या कोर्सची चढण आहे. केव्हचे कोर्स करायला लोक बहुतेक मेक्सिकोच्या युकातानला किंवा उत्तर फ्लोरिडाला जातात. तिथे एक नियम अंगात भिनवतात: सिलिंडरमधला एक तृतीयांश गॅस जाताना, एक तृतीयांश येताना आणि उरलेला एक तृतीयांश फक्त संकटासाठी. शिवाय बाहेरपर्यंत अखंड दोरी आणि प्रत्येकाकडे तीन टॉर्च. हे सवयीचं झालेलं नसेल, तर कार्ड खिशात असूनही बोगद्यात शिरू नका.

कागदपत्रं

सगळी कार्डं, डाइव्ह लॉग (केलेल्या डाइव्हची नोंदवही) आणि डायव्हर मेडिकल फॉर्म. फॉर्मवर डॉक्टरांची सही गेल्या बारा महिन्यांतली हवी. डायव्हिंगची माहिती असलेले डॉक्टर गाठा. खाणीत उतरण्याची परवानगी तिथली व्यवस्था पाहणाऱ्यांकडून आधीच लेखी घ्या.

विम्याचे कागद दोन लागतात. व्हिसासाठीच्या प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चाला किमान ३०,००० युरोंचं संरक्षण हवं. पण अशा पॉलिसीत टेक्निकल डायव्हिंग (असं खोल किंवा गुहेतलं डायव्हिंग) सहसा धरलेलं नसतं, म्हणून डायव्हिंगचा विमा वेगळा काढा.

व्हिसा

शेंगेन व्हिसाचा (फिनलंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रौढांना शुल्क ९० युरो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र, राहण्याचं बुकिंग नेहमीसारखंच. फिनलंडचा निवास परवाना असलेल्यांना हा टप्पा लागत नाही.

सामान बांधताना सिलिंडर नेऊ नका, तिथेच भाड्याने घ्या. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा. १०० ते १६० वॉट-अवरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठी विमानात घेतच नाहीत.