पैसा अभ्यासाला की अभ्यासकाला?

नैराश्यावरच्या औषधाचा शोधनिबंध संपतो तिथे बारीक टायपात दोन निवेदनं असतात. एक निधीचं, दुसरं हितसंबंधांचं. पहिल्यात सरकारी अनुदान दिसलं की बरेच वाचक निर्धास्त होतात आणि दुसरं वाचायचं राहून जातं.

निधी म्हणजे हा अभ्यास कुणाच्या पैशावर झाला. हितसंबंध म्हणजे लेखकांचे स्वतःचे लागेबांधे: कंपनीचं सल्लागारपद, व्याख्यानांचं मानधन, शेअर, पेटंट, प्रवासखर्च. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा फॉर्मही हा भेद पाळतो. या निबंधासाठी मिळालेली मदत केव्हाचीही असो, सांगायची. बाकीच्या लागेबांध्यांचा हिशेब मागच्या ३६ महिन्यांचा.

दोन्ही गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, हे अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात दिसलं. तिथले मानसोपचार विभागाचे प्रमुख चार्ल्स नेमेरॉफ ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीच्या औषधांवरचा एक अभ्यास सांभाळत होते. निधी सरकारी, म्हणजे पहिली ओळ अगदी धुतल्या तांदळासारखी. या कंपनीकडून वर्षाला १० हजार डॉलरच्या आतच घेईन, असं त्यांनी २००४ मध्ये विद्यापीठाला लिहून दिलं. त्याच वर्षी तिच्याकडून त्यांना मिळाले सुमारे १ लाख ७० हजार. २००८ मध्ये सेनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीत कळलं, की २००० ते २००७ या काळात औषध कंपन्यांकडून त्यांना २८ लाखांहून अधिक डॉलर आले आणि त्यातले किमान १२ लाख विद्यापीठाला कळवलेले नव्हते. आपण नियम पाळले, असं नेमेरॉफ यांचं म्हणणं होतं. वर्षअखेर त्यांनी प्रमुखपद सोडलं. पुढे २०१० च्या कायद्याने अशी देणी जाहीर करणं कंपन्यांवरच बंधनकारक झालं.

आता उलट बाजू. कंपनीने पैसे दिले म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही. नव्या औषधाच्या चाचण्यांचा खर्च बहुधा कंपनीच करते. पण २००५ मध्ये मानसोपचारातल्या चाचण्यांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यातला आकडा मला फार बोलका वाटतो. प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीशी, तुलना केलेल्या १६२ चाचण्यांत, लेखकांचे आर्थिक हितसंबंध असतील तिथे औषधाच्या बाजूने निष्कर्ष येण्याची शक्यता ४.९ पट होती. त्यातही हा संबंध ठळक होता तो कंपनीच्या निधीवरच्या चाचण्यांत. तेव्हा दोन्ही ओळी एकत्र वाचलेल्या बऱ्या.

समुपदेशन आणि मानसोपचार पद्धतींच्या अभ्यासात औषध कंपनी नसते, म्हणून तिथे सगळं निर्मळ असं आपण धरून चालतो. पण ज्याने पद्धत घडवली तोच तिची चाचणी घेतो, त्याच पद्धतीची पुस्तकं विकतो आणि शुल्क घेऊन प्रशिक्षण देतो, असंही असतं. त्या कमाईचा उल्लेख हितसंबंधांत शोधावा. नाहीच दिसला, तर लेखकाच्या नावाने त्याच्या कार्यशाळा इंटरनेटवर शोधाव्यात. दोन मिनिटांचं काम आहे.