बालकाचा ताबा व पालकत्व (मुंबई)

विभक्त झालेल्या किंवा मृत आईबापांच्या अज्ञान (वयाने सज्ञान न झालेल्या) अपत्याचा सांभाळ कोणी करावा, हे ठरविण्याची न्यायालयीन पद्धत. मुंबईत हे काम मुख्यतः वांद्रे येथील कुटुंब न्यायालय (स्थापना १९८९) व उच्च न्यायालय यांच्याकडे आहे. पारशी दांपत्यांचे वाद मात्र पारशी मुख्य वैवाहिक न्यायालयात चालतात.

‘अपत्याचे हित’ ही कसोटी मुंबईत केव्हापासून लागू झाली, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तिचा आरंभ पालक व पाल्य अधिनियम, १८९० मधील कलम १७ पासून धरावा. दुसऱ्या मतानुसार अज्ञान व्यक्तींवरील राजसत्तेचा जो पालकाधिकार इंग्लंडमधील चॅन्सरी न्यायालय वापरीत असे, तो १८२३ च्या सनदेबरोबर मुंबईच्या सुप्रीम कोर्टाकडे (उच्च न्यायालयापूर्वीचे ब्रिटिशकालीन न्यायालय) आला आणि उच्च न्यायालयाच्या १८६५ च्या लेटर्स पेटंटमध्ये (न्यायालयाला अधिकार देणारी राजसनद) टिकला (तेथेही कलम १७ च, हा निव्वळ योगायोग). दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. १८९० च्या अधिनियमाने हिताचा उच्चार केला खरा. पण बाप हयात असून अपात्र नसेल, तर दुसरा पालक नेमण्यास त्याच्याच कलम १९ ने मनाई केली होती; म्हणजे तेथे हितापेक्षा बापाचा हक्क वरचढ राहिला. या कलमात आईला बापाच्या बरोबरीचे स्थान मिळाले ते २०१० च्या दुरुस्तीने.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. बाप हयात असूनही जबाबदारी घेत नसेल, तर आई नैसर्गिक पालक (न्यायालयाने न नेमता कायद्यानेच मानलेला पालक) ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणी (१९९९) मान्य केले. संयुक्त ताब्याची विधी आयोगाची शिफारस (अहवाल २५७, २०१५) अद्याप कायद्यात उतरलेली नाही.

कुटुंब न्यायालयात वकील देण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. समुपदेशकांशी बोलणी व्हावीत, हा त्यामागचा हेतू. व्यवहारात वकील असतातच. आईबाप नोकरीवर असताना मूल आजी, मावशी किंवा आत्याजवळ वाढणे शहरात नेहमीचे. तरी ताब्याचा दावा बहुधा आईबापांपुरताच राहतो. वास्तविक १८९० च्या अधिनियमाचे कलम ८ कोणाही नातेवाइकास पालकत्वासाठी अर्ज करू देते.

निराधार व उपेक्षित मुलांचा प्रश्न मुंबई बालक अधिनियम, १९२४ पासून स्वतंत्रपणे हाताळला जातो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्येही मुलास स्वतःच्या कुटुंबात परत पाठविण्यास प्राधान्य असून संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे.