मीठ फुटलंय की चोपण झालंय? जिप्समची गोणी फोडण्याआधी हे ठरवा

उसाच्या पट्ट्यात रान बिघडलं की सल्ला एकच मिळतो. पांढरं फुटलंय? जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाका. पाणी मुरत नाही, ढेकळं फुटत नाहीत? जिप्सम टाका. दुकानदार सांगतो, पाहुणे सांगतात, मोबाईलवरचे व्हिडिओही तेच सांगतात. क्षारपड आणि चोपण हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांपैकी एकावर जिप्समचा काडीचा उपयोग नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

क्षारपड तुम्हाला ओळखता येते, त्यामुळे ती थोडक्यात. मातीत विरघळणारे क्षार जास्त झालेत, एवढंच. उन्हाळ्यात पांढरा थर येतो, पायाखाली माती भुसभुशीत लागते. ओल असूनही ऊस सुकल्यासारखा दिसतो, कारण खाऱ्या पाण्यातून मुळांना पाणी ओढता येत नाही. मातीची घडण मात्र शाबूत असते. वरून गोडं पाणी दिलं आणि खालून निचरा करून दिला, तर क्षार धुऊन जातात. औषध हेच, दुसरं काही विकत आणायला नको.

एक गैरसमज इथेच मिटवू. उसावर ऊस घेतल्यानं जमीन खारावते हे अर्धंच खरं आहे. पीक दोषी नाही, त्या पिकाच्या नावाखाली सोडलेलं पाणी दोषी आहे. लागण, खोडवा, पुन्हा लागण या चक्रात रान कधी वाळतच नाही. मधे शाळू किंवा हरभरा असला की तो खालची ओल ओढून घेतो आणि भूजल खाली राहतं. उसाला पाटपाण्यानं हंगामानुसार 250 ते 350 सेंटीमीटर पाणी दिलं जातं. एकरी 250 सेंटीमीटर म्हणजे साधारण एक कोटी लिटर. विहिरीच्या पाण्याची क्षारता (ती पाण्यातून वीज किती वाहते यावरून मोजतात) 1 डेसीसायमन प्रति मीटर असली, तर लिटरमागे सुमारे 640 मिलीग्रॅम क्षार येतात. हिशोब करा: एका पिकात एकरी सहा टनांवर मीठ आपणच रानात ओततो. निचरा नसेल तर ते जाणार कुठे? भूजल वर येतं आणि भारी काळ्या मातीतून ते मीठही वर चढतं.

‘युरियानं जमिनी खारवल्या’ म्हणणाऱ्यांनी नीरा खोरं आठवावं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी 1885 च्या सुमारास सुरू झालं आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान 1910 च्या आसपास तिथल्या खाऱ्या जमिनी अभ्यासत होते. तेव्हा युरियाची गोणी कुणी पाहिलीही नव्हती.

आता चोपण. खरी गडबड इथे होते.

चोपण जमिनीत विरघळलेलं मीठ फार असेलच असं नाही. बिघाड असतो मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. त्यांच्याभोवती कॅल्शियम असलं की कण एकमेकांजवळ राहतात, त्यांचे खडे बनतात आणि खड्यांमधून हवापाणी खेळतं. कॅल्शियमच्या जागी सोडियम बसलं की हे बंधन सुटतं. ओल लागताच कण फुगतात, सुटे होतात आणि पाण्याबरोबर वाहत जाऊन बारीक छिद्रं बुजवतात. मग पाऊस पडून चार दिवस झाले तरी सरीत पाणी तसंच. वाळलं की रान दगडासारखं, ओलं झालं की राबडी. कधी कधी वर काळपट, तेलकट थर दिसतो. तो सुटलेला सेंद्रिय पदार्थ असतो, पण शेतकरी त्याला ‘कस वर आला’ समजून खूश होतो. मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात आणि आपण फेरस नि झिंकच्या फवारण्या मारत बसतो.

हे सोडियम बसतं कसं? बऱ्याचदा बोअरच्या पाण्यानं. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असलं, तर ते मातीतल्या कॅल्शियमचा चुना करून टाकतं. रिकाम्या झालेल्या जागा सोडियम बळकावतं. म्हणून एकाच शिवारात नदीच्या पाण्यावरचं खोलगट रान क्षारपड होतं आणि बोअरवरचं चढाचं रान चोपण. दोन्ही मालक मात्र एकाच दुकानातून तेच पोतं आणतात.

चोपणावर निव्वळ पाणी सोडून भागत नाही, कारण पाणी मुरतच नाही. आधी कॅल्शियम द्यावं लागतं आणि ते देतो जिप्सम. सोडियम कणांवरून सुटतं, सल्फेटबरोबर विरघळतं आणि मग निचऱ्यातून बाहेर जातं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल जमिनीतल्याच चुन्यातून कॅल्शियम मोकळं करतं. एक टन गंधक म्हणजे हिशोबानं सव्वापाच-साडेपाच टन जिप्समच्या बरोबरीचं, पण त्याला ओल आणि काही महिने द्यावे लागतात. क्षारपड रानात मात्र जिप्सम टाकणं म्हणजे मिठात आणखी एक मीठ मिसळणं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. क्षारयुक्त चोपण जमिनीत वर मीठही असतं आणि कणांवर सोडियमही. मीठ भरपूर असेपर्यंत त्याच्या दाबानं कण एकत्र राहतात, त्यामुळे पांढरं फुटलेलं, भुसभुशीत रान बघून माणूस म्हणतो, ही तर क्षारपड. चर काढले, गोडं पाणी सोडलं, मीठ धुतलं. पुढच्या पावसात तेच रान सिमेंटसारखं बसतं. मीठ गेलं, सोडियम राहिलं, म्हणजे आपणच ते चोपण करून ठेवलं. अशा रानात जिप्सम आधी, धुणं नंतर. ‘निचरा केल्यानं जमीन बिघडली’ अशा तक्रारी ऐकल्या की मला आधी हीच शंका येते.

मग ओळखायचं कसं? सामू (pH) 8.5 च्या खाली, संपृक्त अर्काची (पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता 4 डेसीसायमनच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (कणांना चिकटलेल्या सोडियमचा हिस्सा) 15 टक्क्यांहून कमी, तर क्षारपड. सामू 8.5 च्या वर, क्षारता 4 च्या खाली आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांहून जास्त, तर चोपण. क्षारता 4 च्या वर आणि सोडियमही 15 टक्क्यांहून जास्त, तर क्षारयुक्त चोपण. हे पुस्तकी आकडे झाले. व्यवहारात तीन ठिकाणी पाय घसरतो. सामू 8.3 आला की लोक घाबरतात, पण तेवढा सामू नुसत्या चुन्यानंही येतो. दुसरं, बऱ्याच प्रयोगशाळा क्षारता एकास अडीच (एक भाग माती, अडीच भाग पाणी) द्रावणात मोजतात. तिथे त्याच मातीचा आकडा बराच कमी येतो, तो 4 शी ताडून ‘आपलं रान चांगलं आहे’ म्हणू नका. तिसरं, भारी काळ्या रानाला 15 टक्क्यांची वाट बघावी लागत नाही, 5-6 टक्क्यांपासूनच ते आवळायला लागतं.

2015 पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक आहेत. त्यांत सामू आहे, क्षारता आहे, पण विनिमययोग्य सोडियम नाही. म्हणजे ज्या आकड्यावर जिप्समचा निर्णय व्हायला हवा, नेमका तोच नाही. तो वेगळा मागून घ्या आणि त्याबरोबर जिप्समची गरजही काढून घ्या. ‘एकरी अमुक पोती’ असं माती न बघता सांगणाऱ्याचं ऐकू नका.

तोवर घरी एक करून बघा. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घ्या, आम्ल नव्हे, त्यात मातीचा सुका खडा सोडा आणि न ढवळता एक दिवस ठेवा. खड्याभोवती गढूळपणा पसरून तसाच राहिला, तर सोडियमचा संशय धरा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार निकाल झाकतात. क्षारयुक्त चोपणही इथे फसवतं, म्हणून पाणी स्वच्छ दिसलं तर खडा दोन-तीनदा पाणी बदलून पुन्हा बघा.

चिबड म्हणजे नुसतं पाणी साचलेलं रान, ते वेगळं. अकोला-अमरावतीकडचा खारपाणपट्टाही वेगळा, तो उसानं झालेला नाही.

बाकी बाटलीतलं ‘क्षार खाणारं’ द्रावण घेऊ नका. जिवाणू सोडियम खाऊन संपवत नाहीत. धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा, 45-50 दिवसांनी गाडा. मधे एखादा हंगाम कापूस किंवा बीट घ्या, कारण ऊस 2 डेसीसायमनच्या आतच कुरकुरायला लागतो आणि ही पिकं 7 पर्यंत तग धरतात. जिप्सम घालायचंच असेल, तर उन्हाळ्याच्या शेवटी वरच्या वीतभर मातीत मिसळा आणि पावसाला मुरवू द्या. पण निचऱ्यासाठी सच्छिद्र पाईप किंवा उघडा चर आधी. त्याचं तोंड ओढ्यापर्यंत न्यायचं तर वाट शेजाऱ्याच्या रानातून जाते, तेव्हा पोत्यांची ऑर्डर देण्याआधी बांधावर बसून त्याच्याशी बोलून घ्या.