राणीची सुईण

सुईण शिकायची ती दुसऱ्या सुईणीच्या हाताखाली, आणि तिचं ज्ञान बहुतेकदा तिच्याबरोबरच जायचं. पॅरिसच्या लुईज बुर्जुआनं (१५६३–१६३६) ते कागदावर उतरवलं. तिचं पुस्तक १६०९ मध्ये छापून आलं. म्हणूनच तिच्या बाजूचंही म्हणणं आज वाचायला मिळतं.

तिचा नवरा सर्जन होता. यादवी युद्धात वेशीबाहेरचं घरदार गेलं, तेव्हा पोटासाठी तिनं आम्ब्रोआझ पारे या नामवंत सर्जनचे ग्रंथ वाचून हे काम धरलं. पहिली बाळंतीण एका हमालाची बायको. परवाना देणाऱ्या मंडळात एक वैद्य, दोन सर्जन आणि दोन सुईणी असत. त्यातली एक सुईण लुईजचा नवरा सर्जन आहे म्हणून अडून बसली होती, तरी १५९८ मध्ये परवाना मिळाला.

२७ सप्टेंबर १६०१ ला फाँतेनब्लोच्या राजवाड्यात राणी मारी द मेदिची प्रसूत झाली. बाळ मलूल होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तोंडात वाइन घेऊन त्याला पाजली असती, असं लुईज म्हणाली. राजा आँरीनं बाटली थेट तिच्या ओठांना लावली : दुसऱ्याचं समजूनच कर! बाळ सावरलं. तेच पुढे तेरावा लुई झालं. राणीची सहाही बाळंतपणं लुईजनंच केली.

१६२७ मध्ये मात्र राजाची, म्हणजे आता तेराव्या लुईची, भावजय मुलीला जन्म देऊन काही दिवसांत वारली. शवविच्छेदनाच्या अहवालात गर्भाशयाला वारेचा (प्लासेंटाचा) तुकडा चिकटलेला आढळल्याचं लिहिलं. लुईजचं नाव त्यात नव्हतं, पण रोख कुणावर हे सगळ्यांना कळलं. वारेचा तुकडा आत राहिला तर बाळंतीण दगावू शकते, हे आजही खरंच आहे. पण मळक्या हातांतूनही बाळंतज्वर होतो, ही समज यायला १८४७ साल आणि व्हिएन्नाचे डॉक्टर सेमेलवाइस यावे लागले. त्या खोलीत येऊन गेलेल्या कुणालाच ती नव्हती.

चौसष्टाव्या वर्षी लुईजनं उत्तर छापलं. वार अख्खी पडली होती, हे तिनं ठासून सांगितलं आणि वैद्यांना सुनावलं : बाळंतपणाआधी आणि नंतर वार कशी असते, हेच तुम्हाला ठाऊक नाही. मला हे उत्तर उद्धट वाटत नाही. वार रोज हातात घेणारी तीच होती. दरबारातलं तिचं काम मात्र तिथंच संपलं.