‘यात मराठी टाकून द्याल का?’

कॉम्प्युटर घेताना हा प्रश्न पुण्यात वर्षानुवर्षं विचारला गेला. सॉफ्टवेअर कुणीतरी जाणत्याने ‘टाकून द्यायचं’ असतं, हे आपल्या मनात पक्कं कसं बसलं, ते मराठीच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेलं, कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणणारं जिस्ट तंत्रज्ञान तिथे पुढे वाढलं. विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात मराठी हवी असेल तर जिस्ट कार्ड घ्यायचं आणि मशिन उघडून आत बसवायचं. घरच्या माणसाने करावं असं हे काम नव्हतंच. पुढे विंडोजवर सी-डॅकचं आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी आलं. दिवाळी अंकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत डीटीपीवाल्यांचा संसार अशा पॅकेजांवर चालला. पण त्यांचे फॉन्ट वेगवेगळे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असल्याने तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर अख्खा लेख अगम्य चिन्हांचा ढीग होऊन उघडे.

यावरचा उपाय, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळ्या मशिनवर एकच ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड, १९९१पासून देवनागरीसह कागदावर होता. घरोघरी तो पोचला विंडोज एक्सपीच्या काळात, आणि खरी अडचण इथेच आली. एक्सपीत मराठीची सोय होती, पण बंद. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ शोधायचं, तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात खूण करायची. आपली बाराखडी ‘कॉम्प्लेक्स’ सदरात मोडते हे कुणाला कसं सुचावं? खूण केली की मशिन विंडोजची सीडी मागे, आणि असेंबल्ड पीसी घेतलेल्या कितीतरी घरांत ती सीडी नसेच, ती दुकानदाराकडे. खूण केली नाही तर मराठीच्या जागी नुसते चौकोन, किंवा फॉन्ट असला तरी पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेलेली. शाळेत शुद्धलेखनाचे पूर्ण गुण मिळवणारी माणसं हे पाहून ‘मला कॉम्प्युटर जमत नाही’ म्हणत उठली. मला आजही याचं वाईट वाटतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

२००१ साली पुण्यात एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झालं आणि त्यांच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या प्राथमिक कोर्समुळे गृहिणींपासून सरकारी कर्मचाऱ्यांपर्यंत असंख्य लोकांनी पहिल्यांदा माउस हातात धरला. हे काम मोठं आहे. पण क्लासमधलं मशिन आधीच सज्ज असे, सगळं बसवलेलं. घरी आल्यावर पुन्हा ‘कॉम्प्युटरवाल्या’ला फोन.

एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ती ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करावी लागेनाशी झाली. मग स्मार्टफोन आले, आणि २०१७मध्ये गूगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. कधी की-बोर्डला हात न लावलेल्या आज्या आता नातवंडांना लांबलचक मराठी मेसेज धाडतात. छापखान्यात मजकूर द्यायला गेलं, की तिथे मात्र अजूनही विचारतात, “युनिकोडमध्ये आहे, की श्री-लिपीत?”