कथा लिहिताना वाद्यसंगीत लावलं की कल्पना सुचतात?

"लिहिताना शास्त्रीय वाद्यसंगीत लावा, मेंदू तल्लख होतो, कल्पना आपोआप सुचतात," हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे.

त्याचं मूळ १९९३ सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना १० मिनिटं पियानोवादन ऐकवलं आणि मग कोडी घातली: घडी घातलेला कागद कापला, तर उलगडल्यावर कसा दिसेल? गुण थोडे वाढले, पण १०-१५ मिनिटांत परिणाम ओसरला. म्हणजे संगीत आधी ऐकवलं होतं, काम करताना नव्हे. आणि कथा कुणी लिहिलीच नव्हती! पुढच्या एका प्रयोगात तर आवडीची गोष्ट ऐकल्यावरही तसाच फरक दिसला. मन प्रसन्न झालं, इतकंच.

शब्द असलेल्या गाण्यांचं वेगळं. संवाद आपण मनात बोलून बघत लिहितो, आणि तिथेच गाण्याचे शब्द आडवे येतात. भावगीत चालू असताना मी लिहिलेल्या भांडणात सासूच्या तोंडी 'चांदणं' आलं होतं.

स्वतः पडताळून बघा. ठरलेल्या वेळी रोज अर्धा तास लिहा, एक दिवस शांततेत, एक दिवस संगीतासह, असे आठ दिवस. शांतता की संगीत, याची खूण पानामागे करा. आठवडाभराने पानं मिसळून मोठ्याने वाचा, आवडलेली बाजूला काढा आणि मगच उलटा.