भावंडांचा इंडी बँड (गोवा)

एकाच घरातल्या बहीण-भावांनी उभा केलेला, रेकॉर्ड कंपनीच्या पाठबळाशिवाय स्वतःची गाणी रचून वाजवणारा रॉक बँड. ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’चे लघुरूप. ध्वनिमुद्रणाचा खर्च, विक्री, कार्यक्रमांची बोलणी असे सगळे वादकच पाहतात. घरच्यांनीच मिळून गाणे ही रीत मात्र रॉकपेक्षा पुष्कळ जुनी आहे. मूळच्या मंगेशीच्या मंगेशकर भावंडांचे उदाहरण मराठी वाचकाला सांगायला नको.

भावंडांच्या गळ्यांची घडण बहुधा मिळतीजुळती असते आणि उच्चारही एकाच घरात घडलेले असतात. त्यामुळे एकाने मुख्य सूर धरला आणि दुसऱ्याने वरची पट्टी लावली, तरी दोन आवाजांतला सांधा जाणवत नाही. तालमीसाठी वेगळी वेळ ठरवावी लागत नाही. जेवणे आटोपली की वसरीवर, म्हणजे ओसरीवर, गिटार निघते आणि चुकीचा सूर लागला तर आतल्या खोलीतूनही टोकले जाते. हा रोजचा सहवास हेच अशा बँडचे खरे भांडवल. पैशांचे पाठबळ नसतानाही ही मुले लवकर पुढे येतात, ती याच बळावर.

गोव्यातल्या मुलांचे कान दोन बाजूंनी तयार होतात. चर्चशी जोडलेल्या शाळांतून पोर्तुगीज काळापासून सोल्फेज (डो-रे-मी अशा नावांनी स्वर वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथे तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद सांभाळले; माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले मोठे नाव. हिंदू घरांत हे काम चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, करते. गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या माटोळीखाली आरती सुरू झाली की घुमट, शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे (झांजा) वाजू लागतात. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड उघडे. उजव्या हाताने थाप द्यायची आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत आवाज जाड-पातळ करायचा. पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्याने आता बकऱ्याचे वापरतात. 2019 मध्ये राज्य सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली. थोरला घुमटावर आणि धाकटी काठ्या घेऊन शामेळावर बसली, की तालाची जोडी घरातच तयार होते. ड्रमसेट आणि बेस नंतर आले तरी चालते. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा अंगात मुरलेल्या मुलाला रॉकची चार-चारची चाल परकी वाटत नाही.

स्वतःच्या हिमतीवर गाणे लोकांपर्यंत नेण्याचा धडा गोव्याला गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांनी घालून दिला. 1984 चा ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम त्यांनी शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर मुद्रित केला आणि स्कूटरवरून फिरून दुकानांत पोचवला. परदेशात हॅन्सन या अमेरिकन भावांनी हीच वाट उलट्या दिशेने चालून दाखवली. 1997 मध्ये मोठ्या कंपनीकडून जगभर गाजले तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. पुढे तिघांनी ती कंपनी सोडून स्वतःची काढली.

आज घरचा लॅपटॉप, एक माइक आणि साउंड कार्ड एवढ्यावर पहिले गाणे निघते. मंच मिळतात ते कॉलेजच्या महोत्सवांत, फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) रात्री, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये. 2016 पासून पणजीत भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सवही आहे. शॅकमध्ये बहुधा लोकांना ओळखीची गाणी हवी असतात. त्यामुळे नवे बँड चार कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवून मधे आपले एक घुसवतात, आणि ते एक ऐकायला गावची माणसे मुद्दाम येतात. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला नियमाने बंदी असल्याने चांगले गाणे शेवटी ठेवून चालत नाही.

भांडणे होतात. ओॲसिस या इंग्लिश रॉक बँडमधल्या दोघा भावांची 2009 मध्ये फाटली, ती जुळायला पंधरा वर्षे गेली. गोव्यात बँड अडतो तो बहुतेकदा वेगळ्या कारणाने: थोरला बोटीवर नोकरीला लागतो किंवा शिक्षणासाठी बाहेर जातो. मग धाकटी त्याचा भाग मोबाइलवर मागवून घेते आणि वसरीवर बसून त्यावर आपला आवाज चढवते.